पाटावरची वाळू

बेसनाचा रिकामा डबा. पायरीवर वाळत ठेवलेला पाट. लुगड्याच्या काठाला पडलेला तपकिरी डाग, तीनदा धुऊन न गेलेला. बाभळीवर टांगलेलं जाळं. काचेची बाटली, तिच्यात डोहाचं पाणी. वरून पाहिलं तर अगदी स्वच्छ.

बाटली रोशनी मॅडमची. नंदुरबारच्या कॉलेजातून त्या कार्तिकात डोहाचं पाणी तपासायला रनाळ्याजवळच्या या गावी आल्या आणि पारावर बसल्या.

"दगडांवर भिजल्या कापसासारखं साचलंय ना, ते शेवाळ. त्याचा एकेक कण डोळ्यांना दिसत नाही. तापीत दोन वर्षांपासून आहे. तुमच्या नदीत नव्हतं."

"मंग आठे कथाईन उनं?" सरपंच भिला आप्पांनी विचारलं.

"कुठून आलं? तुमची नदी तापीला मिळते, तापी काही उलटी इकडे येत नाही. तिथलं काहीतरी ओलं कोणीतरी आणून इथे बुडवलं."

सगळ्यांच्या माना बाभळीकडे वळल्या.

जाळं वाहरूचं. डोहातले मासे धरून विकणारा गावात तो एकटाच. महिनाभर त्याच्या जाळ्यात नुसता तो ओला कापूस येत होता.

पारापाशी जमलेल्या बायकांतल्या सुंदरबाईला श्रावणातला सोमवार आठवला. कानबाईचं विसर्जन. यंदा नदी वाहत नव्हती, म्हणून टेम्पो करून सगळे तापीवर गेले होते. रिवाजाप्रमाणे तिने देवीच्या पाटावर तिथली वाळू घेतली, घरात टाकायला. परतताना तिला वाटलं, घरात गाळ कशाला न्यायचा? डोहापाशी टेम्पो थांबवून तिने ती वाळू स्वच्छ धुऊन घेतली; लुगड्याचा काठ तेव्हाच डागला.

"वाळू मी धुयी," ती म्हणाली. "कानबाईनी. याच डोहमा."

शेजारची कोकिळा हसली. "वं जिजी, देवीनी वाळूमा घाण ऱ्हास का?"

"माय, चूप बस," ललित, सुंदरबाईचा मुलगा, दबक्या आवाजात म्हणाला. "तुन्हं नाव कोन ली ऱ्हायनं?"

रोशनी मॅडमनी वहीतून मान वर केली. "वाळू ओली होती का?"

भिला आप्पा चहा सांगत होते. सुंदरबाईने तोंड उघडलं, पण दुसऱ्यांदा काही बोलायचं राहूनच गेलं.

ठराव झाला: डोहात जाळं बंद.

"चला, माशेसले सुट्टी लागनी," वाहरू जाळं गुंडाळत म्हणाला. आठवड्याने तो बायकोला घेऊन गुजरातेत ऊसतोडीला गेला.

सुंदरबाईने घर झाडलं. कोपऱ्यांतून वाळू निघाली, चमचाभर. ती तिने बेसनाच्या डब्यात भरली आणि झाकण लावलं. रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. मग तिने भाकरी थापल्या, ललितला वाढलं, भांडी घासली.

ते जाळं वाहरूने आखाडात नंदुरबारहून नवं आणलं होतं आणि तापीच्या पाण्यात ते एकदाही उतरलं नव्हतं. घेताना सोबत भिला आप्पा होते.