पांढऱ्या रानात गरजलेलं आभाळ

आत्याबाई आभाळ बघायच्या ते डोळे मिटून. वेल्ह्याचे डोंगर अजून धुक्यातून सुटे व्हायचे असत, तेव्हा त्या गोठ्याच्या दाराशी येऊन उभ्या राहत, पदर कानामागे सारत आणि मान किंचित तिरकी करून वाऱ्याची चाहूल घेत. त्या मिटल्या पापण्यांवर उतरणारा पहिला कोवळा उजेड मला आजही दिसतो, शेणाच्या नि धुराच्या वासासकट. मग डोळे उघडून त्या सांगत, "वारं कोरडं हाय. शेरडं वरच्या सड्याच्या माळावर सोडा."

मी त्यांची सून. भोरला एका कचेरीत खुर्चीवर बसून काम करणारी, शनिवारी एसटीने वर वाडीत येणारी आणि मोबाईलवर हवामान बघणारी. माझा मोबाईल पाऊस सांगायचा तेव्हा त्या म्हणायच्या, "इचार तुझ्या डबीला, कुठल्या डोंगरावर पडनार ते!" कधी डबी जिंकायची, कधी आत्याबाई. हरल्या तरी कबूल करतील तर शपथ.

त्यांच्या आभाळाला स्वभाव होता आणि तो त्यांना नवऱ्याच्या स्वभावाइतका पाठ होता. तुळशीचं लग्न लागलं की आभाळ मुकं होतं. थंडीतले ढग येतात, रेंगाळतात, निमूट निघून जातात. गरजण्याचं वय त्यांना येतं ते थेट चैत्रात. थंडी असताना गडगडाट होणं त्यांच्या लेखी अशक्यच होतं. त्यांनी जन्मात ऐकला नव्हता.

त्या हिवाळ्यात ह्यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, बदली उत्तरेला बर्फात झाली. हे सैन्यात. वाडीत रेंज मिळते ती फक्त गोठ्यामागच्या कातळावर. तिथे आम्ही दोघी मांडीला मांडी लावून बसायचो आणि मधे मोबाईल ठेवायचो. एका दुपारी हे बर्फाचं कौतुक सांगत होते, झाडं कशी वाकलीत, वाट कशी दिसेनाशी झाली, आणि मधेच पलीकडे काहीतरी प्रचंड फुटल्यासारखा आवाज झाला.

"काय वाजलं रं?" आत्याबाईंनी विचारलं.

"काय न्हाई, आये. ईज कडाडली. बर्फ बी पडतुया आन् वर गरजतंय बी. म्या बी पैल्यांदाच—"

तेवढ्यात फोन तुटला. आत्याबाईंनी ती काळी काच पदराने पुसली, कानाला लावून बघितली. मग अगदी हळू म्हणाल्या, "बर्फात कुठं आभाळ गरजतं व्हय? खोटं बोलला. तोफ हाय ती."

मी समजावलं. क्वचित होतं असं, मोबाईलवर वाचूनही दाखवलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी वाचायची थांबले. "तू बी त्याच्याच बाजूची," एवढंच म्हणून त्या उठल्या.

त्यानंतर फोन येईना. दिवसामागून दिवस, शनिवारामागून शनिवार. आत्याबाईंनी पहाटे दाराशी उभं राहणं सोडलं. ज्या आभाळावर सगळा जन्म भरवसा ठेवला त्याच्याकडे त्या पाठ फिरवून बसू लागल्या. भाकरीचा तुकडा ताटात तसाच वाळायचा. मलाही भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? कापूरहोळला एसटी बदलताना ढाब्यावरच्या टीव्हीवर बातम्या लागलेल्या दिसल्या की मी मान फिरवायचे. समोर उभं राहिलेलं मरण दडवायला पोर खोटं बोललं, ही एकच गोष्ट आत्याबाईंच्या मनात घर करून बसली होती.

माघातला तो शनिवार सकाळपासून विचित्र होता. बोटं आखडावीत अशी थंडी, आणि पश्चिमेकडून जांभळट ढगांची भिंत चढत आलेली. दुपारी वारा एकदम पडला, शेरडं आपणहून गोठ्याकडे वळली, आणि गारा सुरू झाल्या. आधी पत्र्यावर चारदोन, मग कानठळ्या बसवणाऱ्या. बघता बघता अंगण, बांध, परसातला हरभरा, पलीकडचा सडा, सगळं पांढरं झालं. आमचं ओळखीचं रान कुणीतरी उचलून दूर कुठल्या परमुलखात नेऊन ठेवलं होतं. त्या पांढुरक्या उजेडात आत्याबाईंचा चेहरा मला फार लहान वाटला.

आमच्याकडे गारा पडू लागल्या की घरातल्या थोरल्या बाईने अंगणात कोयता फेकायचा. लोखंड भुईला लागलं की गारा थांबतात, असं मानतात. आत्याबाईंनी आढ्याचा कोयता काढला, उंबऱ्यात आल्या, हात उगारला. आणि त्याच क्षणी आभाळ गरजलं.

उन्हाळी गडगडाटासारखं ते कडाडलं नाही. पांढऱ्या रानाने तो आवाज पोटात घेतला आणि जड, मऊ, लांबत जाणारा असा परत दिला. आत्याबाईंचा उगारलेला हात तसाच राहिला.

"वैनी, टाका की कोयता!" शेजारचे बाबूमामा दारातून ओरडले. "हरबरा झोपला समदा!"

"दमा जरा, भावजी."

"अवो, दमा काय? डोस्कं फिरलं का काय तुमचं?"

"आजून एकदा गरजू द्या."

हरभरा त्यांनी स्वतः पेरला होता, स्वतः राखला होता. तो डोळ्यांदेखत चिखलात जात होता, आणि त्या कोयता छातीशी धरून डोळे मिटून उभ्या होत्या, मान तिरकी, पदर कानामागे. कितीतरी दिवसांनी. पुन्हा वीज लखलखली, पुन्हा तो जड आवाज डोंगरामागून डोंगर ओलांडत आला. तेव्हा त्या माझा दंड गच्च धरून म्हणाल्या, "गरजतं गं! थंडीत बी गरजतं! माझं लेकरू खोटं न्हाई बोललं!" आणि लहान पोरीसारख्या हसत सुटल्या, हसता हसता रडत सुटल्या. मीही रडले. बाबूमामा कपाळाला हात लावून आत गेले. मग आत्याबाईंनी कोयता फेकला, गाराही थोड्या वेळाने थांबल्या.

त्या संध्याकाळी आत्याबाई दोन भाकरी जेवल्या आणि गाढ झोपल्या. फोन आला नव्हता. मुलगा जिवंत असल्याचा कुठलाच पुरावा त्यांच्या हाती नव्हता. तो खरं बोलला एवढंच कळलं होतं, आणि त्यांना ते पुरलं. फोन पुढच्या आठवड्यात आला. बर्फाने तिकडची वाट आणि तारा दोन्ही बंद पाडल्या होत्या. हे घाईघाईने खुशाली सांगू लागले, तर आत्याबाई मधेच म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे. हितं बी गरजलं, बाबा."

आत्याबाईंना जाऊन आता वर्ष होत आलं. हे रजेवर होते, उशाशी होते. शेवटच्या दुपारी मला रडताना बघून त्या नेहमीसारख्या खेकसल्या होत्या, "रडतीस कशाला? म्या कुठं जात न्हाई." उघड उघड अशक्य गोष्ट. पण अशक्य म्हणजे काय, हे त्यांच्याच शेजारी उभं राहून मी पाहिलं आहे. म्हणून शनिवारची एसटी मी अजून चुकवत नाही, आणि काळाने माणूस नेलं तरी त्यांचा शब्द खोटा ठरवायची घाई मला नाही.