अर्ध्या स्वराची दुरुस्ती

मित्रांनो, मी टेपची एक म्हातारी फीत आहे. गोल रिळावर गुंडाळलेली, तपकिरी, आणि आता तर अंगाला नुसता चिकटा. माझ्याजवळ एकच मोलाची गोष्ट होती: तीनशे वर्षांपूर्वीच्या एका व्हायोलिन सोनाटाचा संथ भाग.

कारखान्यातून कोरी करकरीत निघाले तेव्हा वाटलं, माझ्यावर कुणाची तरी कंटाळवाणी भाषणं भरणार. पण नशीब थोर! उंच छताच्या एका थंड खोलीत मला यंत्रावर चढवलं. समोर एक बाई व्हायोलिन घेऊन उभ्या होत्या. त्यांचा धाकटा भाऊ हार्पसिकॉर्डवर बसला होता. हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोचा पणजोबाच म्हणा ना. त्या सोनाटाच्या काळात वाद्यं आजच्यापेक्षा अर्धा स्वर खाली लावत, म्हणून या दोघांनीही तशीच लावली. पट्टी डी मायनर, मुळातच दुखरी. खाली उतरल्यावर ती रडून थकलेल्या माणसासारखी बोलू लागली. आणि लय तर विचारू नका. दोन सुरांच्या मध्ये बाई इतकं थांबायच्या की रेकॉर्डिंग करणारा श्वास घ्यायचा विसरायचा.

"घाई करू नकोस रे," त्या भावाला म्हणाल्या. "आईला जाऊन महिनासुद्धा झाला नाही. हात उचलत नाही माझा."

वाजवून झालं. रेकॉर्डिंग करणाऱ्याने माझ्या डब्याच्या झाकणावर पेन्सिलीने लिहिलं, 'वाद्यं अर्धा स्वर खाली. वेग बदलू नये.'

मग तळघर, ओल आणि वर्षानुवर्षं अंधार. भाऊ वारला. रेकॉर्डिंग करणाराही गेला. बाईंची बोटं संधिवाताने आखडली, व्हायोलिन कपाटावर चढलं. ऐंशी ओलांडल्यावर त्यांनी लेकीपाशी एकच हट्ट धरला, "तो संथ भाग मरायच्या आधी एकदा ऐकव मला." लेकीने दहा ठिकाणी खेटे घालून मला शोधलं. डबा बुरशीने खाल्ला होता, तो तिने झाकणासकट तिथेच फेकला आणि मला स्वच्छ पिशवीत घातलं. बिचारीने जपण्यासाठीच केलं हो ते.

ज्याच्याकडे नेलं तो कारागीर हुशार होता. ज्या लेपावर सूर साठवलेले असतात, तो माझा लेप सुटत होता, म्हणून त्याने मला मंद आचेवर शेकलं. "ताई, ही एकदाच वाजेल," तो म्हणाला, "मग संपली." मी वाजले. जीव तोडून वाजले. लेप भुकटी होऊन खाली पडत होता. त्याने सगळं संगणकात उतरवलं, स्वरलिपीच्या कागदाशी ताडून पाहिलं आणि तो चुकचुकला.

"अरेच्चा! ही तर अर्धा स्वर खाली बोलतेय. जुनं यंत्र हळू चाललं असणार."

फितीचा वेग वाढवला की सूर चढतो, पण लयही पळू लागते. त्याने वेग वाढवला, पट्टी कागदाप्रमाणे केली आणि आधीची 'चुकीची' नक्कल पुसली. वेग परत उतरवणं दोन मिनिटांचं काम होतं. पण उतरवा म्हणणार कोण? आता मला वाचाच नव्हती.

लेकीने मला आणि ती नवी नक्कल घरी नेली. बाई कान देऊन बसल्या. पाचव्या-सहाव्या सुरालाच त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ही मी नाही."

"आई, तूच आहेस गं."

"एवढी लगबग? आई गेली त्या महिन्यात? छे!"

लेक त्यांचा हात धरून हळूच म्हणाली, "हल्ली तुला सकाळचं जेवणही आठवत नाही. डॉक्टर काय म्हणाले होते?"

बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग कुणाकडेही न पाहता म्हणाल्या, "असेल बाई. मला वाटायचं, आईसाठी मी किती रडून वाजवलं होतं. उरकलंच की मी." आणि त्यांनी बंद करायला सांगितलं. पुन्हा कधी ते लावू दिलं नाही. त्याच समजुतीत त्या गेल्या.

मी पिशवीत पडून आहे, लेप गेलेली, मुकी. मित्रांनो, जुनी वस्तू सांभाळा, असं सगळेच सांगतात. मी म्हणते, सुधारायला हात घालण्याआधी ती ज्याची आहे त्याला विचारा. बाई तेव्हा जिवंत होत्या. घरी फोन होता.