बाबांच्या बनियनमधला पुरावा

आमच्या सेंद्रिय फळबागेतली शेवटची, घरालगतची ओळ, म्हणजे पीचची सात झाडं, यंदा माझी आहे. माझी म्हणजे माझीच! आईनं हे बाबा आणि आत्यासमोर कबूल केलंय, त्यामुळे आता तिला शब्द फिरवता येत नाही. अट एकच: कीड हाताबाहेर गेली, तर ओळ परत तिच्याकडे.

आणि आला की हो मावा! कोवळ्या पानांमागे टाचणीच्या डोक्याएवढ्या हिरव्या किड्यांची ही गर्दी! पानांच्या पार सुरळ्या झालेल्या.

"रविवारी सकाळी साबणपाण्याचा फवारा," आई म्हणाली.

"अगं, त्यात ढालकिड्यांच्या अळ्यापण मरतील! मावा त्याच तर खातात."

"मग खात का नाहीत? डाएटवर आहेत?" आत्यानं खिडकीतून टोमणा हाणला.

खातील कशा? मुंग्या खाऊ देतील तर ना! मावा गोड रस सोडतो, मुंग्या तो चाटतात आणि त्या बदल्यात माव्याची राखण करतात. अळी आली की तिला चावून चावून खाली ढकलतात. मी भिंगातून पाहिलंय. गुंडगिरी नुसती!

म्हणून सोमवारी मी वरच्या मुंग्या झटकून काढल्या आणि सातही खोडांना चिकटपट्टी गुंडाळली. मुंगी चढली की अडकली. झकास!

बुधवारी मी पांढरी छत्री उलटी धरून फांदी काठीनं झोडपली. असं केलं की झाडावरचे सगळे रहिवासी छत्रीत पडतात आणि मोजता येतात. कोळी नऊ, ढालकिड्याच्या अळ्या चार. आणि मुंग्या? मोजणं सोडून दिलं. पट्ट्या तर जागच्या जागी होत्या! सातही झाडांच्या फांद्या गळ्यात गळे घालून उभ्या, त्यामुळे एकीवर चढलेली मुंगी सगळीकडे फिरणार हे कळत होतं. पण ती पहिली चढली कुठून?

"उडत आल्या असतील," आत्या म्हणाली. माझं तोंड रडवेलं झालेलं पाहून तिनं विषय बदलला.

गुरुवारी सकाळी बाबा आंघोळ करून आले, दोरीवरची बनियन ओढून अंगात घातली आणि नाचायलाच लागले. एक हात पाठीवर, एक काखेत, वर "आई गं! आई गं!"

"साठी जवळ आली, तरी अंगात काय येतं बघा," आत्या हसून हसून खाली बसली.

"मुंग्या! मुंग्या आहेत आत!"

मी धावत बाहेर. कपडे वाळत घालायची दोरी! एक टोक ओसरीच्या खांबाला, दुसरं माझ्या पहिल्या झाडाला. खांबावरून मुंग्यांची रांग निघाली होती, आईच्या ओढणीवरून, टॉवेलवरून, बाबांच्या पायजम्याच्या एका पायातून दुसऱ्यात, थेट पीचवर. आणि ती गाठ मारली होती कुणी? आत्यानं!

"मला काय ठाऊक, मी पूल बांधतेय?"

बाबांना तसंच नाचत ठेवून मी दोरी सोडली. दिवसभर फांद्या झोडपून छत्री भरली, अळ्या वेचून परत पानांवर ठेवल्या आणि मुंग्या कुंपणापलीकडे नेऊन ओतल्या. आत्यानं सहा फेऱ्या मारल्या, तोंड न उघडता!

शुक्रवारपासून अळ्यांना मोकळं रान. चिमण्यासुद्धा सुरळ्या उलगडून चोची मारायला लागल्या.

रविवारी आई पाठीला पंप लावूनच आली. तिनं चष्मा पुसला, दहा पानं उलटून पाहिली. मग अजून दहा. परवापर्यंत एका पानावर पन्नास-साठ असायचे.

"चार," ती म्हणाली. "याच्यावर दोन. याच्यावर एक अळी, जाम फुगलेली."

"ढेकर देत असेल," आत्या म्हणाली.

आईनं पंप उतरवला आणि ओसरीत ठेवला. "ओळ तुझी. पण दोरी सोडलीस ना? मग कपडे कुठे वाळत घालायचे, तेही तूच बघ."

मी लगेच बघितलं. बाबांची बनियन मस्त वाळतेय, पंपाच्या दांड्यावर.