यादीबाहेरचं पान

"हे एक पान जास्तीचं झालंय, भारते," आप्पासाहेब म्हणाले. समोरच्या छापील कागदांतून त्यांनी एक ओढून बाजूला काढला आणि उडू नये म्हणून त्यावर पाण्याचा पेला ठेवला.

आप्पांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. म्हणजे कोणता कागद बाजूला काढायचा, हे संदीपनं त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. भारतीनं संदीपकडे पाहिलं. तो खिडकीतून शाळेच्या पटांगणाकडे बघत होता.

कातळवाडीच्या ग्रामपंचायतीच्या त्या खोलीत तिघंच होती. आप्पासाहेब गावचे जुने सरपंच. पारनेर तालुक्यातल्या त्या उघड्याबोडक्या गावात त्यांच्या कारकिर्दीत डोंगराला दगडी बांध पडले, पाझर तलाव झाला, विहिरींना पाणी आलं. गावाला जिल्ह्याचं बक्षीस मिळालं, मग राज्याचं. आता दिल्लीच्या बक्षिसासाठी नाव गेलं होतं. संदीप त्यांचा पुतण्या, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत होता. नव्व्याण्णव साल होतं. गावाची वेबसाइट असावी, दिल्लीवाल्यांना घरबसल्या गाव दिसावं, ही कल्पना त्याची. पानं तयार करण्याचं काम मात्र भारती साळवेचं. ओढ्यापलीकडच्या भीमनगरातली, शाळेत संदीपच्याच वर्गात असलेली, आता नगरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणारी भारती.

"काय चुकलंय त्या पानात?" तिनं विचारलं.

"चुकलंय आसं कोन म्हनतंय? पर भीमनगर काय गावाच्या भाईर हाय का? गावाच्या पानात तुमी आलाच की. येगळं पान कशाला?"

"मंदिराचं वेगळं आहे. तालमीचं आहे. तुमच्या आजोबांचंसुद्धा आहे, आप्पा."

संदीप वळला. त्याचा आवाज गोड होता. "भारती, पानाचं काही नाही गं. शेवटचं ते वाक्य आहे ना, वस्तीत अजून नळाचं पाणी आलेलं नाही म्हणून. ते फार निगेटिव्ह वाटतं. कमिटी वाचणार आहे."

"मग पहिल्या पानावरचं 'घरोघरी नळाचं पाणी' तेवढं काढू या. ते काढलं की मी हेही काढते."

"ते काढता यायचं न्हाई," आप्पा म्हणाले. "दिल्लीच्या कागदात तसंच गेलंय. आन् पुढच्या टप्प्यात तुमची लाईन हायेच की. मी शबुद दिलाय."

हा शब्द भारती शाळेत असल्यापासून ऐकत होती. पाइपलाइन तालमीपर्यंत आली आणि ओढ्याच्या अलीकडे थांबली. पलीकडे वस्तीच्या तोंडाशी बारीक नळीनं जोडून एक सार्वजनिक नळ उभा केला होता. सुरुवातीला महिनाभर त्याला पाणी आलं, नंतर तो नुसता हवा सोडायचा. बायका तलावाखालच्या विहिरीवरून हंडे आणायच्या. आणि त्या तलावावरचे, डोंगरावरचे बांध कोणी घातले? ह्याच बायकांनी. उन्हाळ्यामागून उन्हाळे दगड वाहून. तेवढंच तर पानावर होतं. बांध घालणाऱ्या बायकांची नावं, आणि खाली ते एक वाक्य.

"आता हे जगाला दिसनार कसं?" आप्पांनी विषय बदलला. "संदीप म्हनतो, अजून काईतरी पाठवायचं ऱ्हायलंय."

भारतीनं समजावून सांगितलं. तिला शिकवायची सवय होती, राग आला तरी आवाज सरळ राहायचा. "साइटवरच्या सगळ्या पानांची एक यादी करायची. साइट मॅप म्हणतात तिला. त्या यादीचा पत्ता सर्च इंजिनला कळवायचा. मग त्यांचं यंत्र यादी बघून एकेक पान वाचतं आणि नोंदवून घेतं. पुढं कुणी कातळवाडी असं नाव टाकून शोधलं, की नोंदलेली पानं समोर येतात."

"आन् यादीत नसलेलं पान?"

"ते असून नसल्यासारखं. पत्ता ठाऊक असेल त्यालाच उघडतं."

आप्पांचा चेहरा उजळला. त्यांनी पेला उचलला आणि तो कागद परत तिच्या पुढ्यात सरकवला. "मग झालं की! काढू नगं पोरी. आसू दे तुजं पान. फकस्त यादीत नगं घिऊ."

त्यांना खरंच वाटत होतं की आपण तिचा मान राखला. भारतीनं कागद गोळा केले. आजवर गावानं दुसरं काय केलं होतं आपल्याशी? असू दे. फक्त यादीत नको.

घरी तिची आई रतनबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती.

"झालं का गं तुजं काम? माजं नाव ऱ्हायलं का त्यात?"

"आहे."

"छबूबाईचं? बनुबाईचं?"

"सगळ्यांची आहेत. पण आप्पा म्हणतात, पान कुणाला दिसायला नको."

रतनबाईनं शेंगा बाजूला केल्या. "आमी बांधावर हुतो तवा मंत्री आला हुता. आप्पानं त्याला हार घातला, फोटू काढाय मानूस आला. तो म्हनला, बाया जरा बाजूला व्हा, फोटूत दगड दिसू द्या. आमी झालो बाजूला. डोक्यावर पाट्या घिऊन उनात उभ्या ऱ्हायलो, त्यांचा फोटू निगस्तोवर." ती थांबली. "तो फोटू हाय का तुज्या त्याच्यावर?"

"पहिल्याच पानावर."

"आसं," रतनबाई म्हणाली आणि परत शेंगा फोडू लागली. टरफलं मात्र आता ती जरा जोरातच फेकत होती.

भारती तिशीला आली होती. वडील बन्सी साळवे रस्त्याच्या कामावर डांबराच्या भट्टीशी भाजून गेले, तेव्हा ती नववीत होती. दहावीनंतर नगरला मामाकडे राहून तिनं टायपिंग केलं, मग एका छापखान्यात लग्नपत्रिका जुळवल्या, तिथंच कॉम्प्युटरला हात लागला. आता सावेडीला रंगनाथ सरांच्या क्लासमध्ये ती शिकवायची. कुणाशी भांडण नाही, कुणाच्या अध्यात नाही. गावाच्या वेबसाइटचं काम आलं तेव्हा तिला मनापासून आनंद झाला होता. आपल्या गावचं आपण जगाला दाखवणार, ह्याचा. त्या आनंदाची आता तिला चीड येत होती.

सोमवारी दुपारची बॅच संपल्यावर ती सरांच्या टेबलावरच्या, फोनला जोडलेल्या मशीनशी बसली. फोन लागला, तुटला, परत लागला. यादीचं पान तिनं उघडलं. गावाचा इतिहास, मंदिर, तालीम, शाळा, पाणलोट. भीमनगरची ओळ तिनं शेवटी टाकली, मग उचलून पाणलोटाच्या खाली घेतली. तिथंच ती शोभत होती. बांध कुठं संपतात आणि बांधणारे कुठं सुरू होतात? यादी तिनं साइटवर चढवली. सर्च इंजिनच्या पानावर जाऊन रिकाम्या चौकटीत यादीचा पत्ता टाकला आणि बटण दाबलं. आपली विनंती मिळाली, काही दिवस लागतील, असं उत्तर आलं. बस्स, एवढंच.

मग तिनं ग्रामपंचायतीत फोन लावला. चोरून करायचं नव्हतं.

"आप्पा, यादी पाठवली. सगळी पानं आहेत तिच्यात."

"सगळी म्हंजी?"

"सगळी."

आप्पा म्हणाले, "तुज्यावर इस्वास टाकला ही माजी चूक झाली," आणि फोन ठेवला गेला.

संदीपनं लगेच काही केलं नाही, तो कामासाठी बंगलोरला गेला होता. परत आल्यावर त्यानं पासवर्ड बदलला, भीमनगरचं पान पुसलं, यादीतली ओळ पुसली. रंगनाथ सरांनी भारतीला बोलावून सांगितलं की बाहेरची कामं आता इथल्या मशीनवर करायची नाहीत. ते वाईट माणूस नव्हते. पण पंचायत समितीतून त्यांच्या क्लासला विद्यार्थी यायचे.

गावात वस्तीवर वेगळंच पेटलं. पुढच्या रविवारी ती घरी गेली तर शेजारची भामाबाई दारात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"तू नगरात ऱ्हातीस बाई, तुला काय! हितं आमाला त्यांच्याच हिरीवर जावं लागतंय. काल आप्पाचा गडी म्हनला, लई शिकली तुमची पोरगी, तिलाच सांगा पानी आनाया. कशाला नाव टाकलंस माजं? मी सांगितलं हुतं का?"

"तुम्हीच सांगितलं होतं, मावशी. हसत हसत सांगितलं होतं."

"तवा हसले. आता न्हाई हसू येत."

रतनबाई आतून बाहेर आली. "भामे, दगड तू उचलला का न्हाई?"

"उचलला."

"मग नाव तुजंच ऱ्हानार. दुसऱ्याचं कसं टाकायचं?"

भामाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाचं की भीतीचं, ते भारतीला कळलं नाही. आपल्या एका ओळीची किंमत दुसरंच कुणी चुकवतंय, हे मात्र कळलं, आणि तो काटा तिच्या मनात रुतून बसला.

तीन-चार आठवड्यांनी संदीपचा फोन आला. गोडवा संपला होता.

"कातळवाडी टाकून शोधलं की तुझंच पान पहिलं येतंय! उघडत नाही, पण त्यातल्या दोन ओळी दिसतात. बायकांनी बांध घातले आणि वस्तीत नळाचं पाणी नाही. मी पुसलंय तरी दिसतंय. कसं काढायचं ते?"

"त्यांच्या यंत्रानं तू पुसायच्या आधी नोंद घेतली असणार. ते परत फेरी मारील तेव्हा जाईल."

"कधी?"

"ते मी कसं सांगू?"

"भारती, कमिटी पुढच्या आठवड्यात येतेय!"

"मग नळ जोडा," ती म्हणाली. आपला आवाज एवढा वर गेल्याचं क्लासमधली सगळी पोरं वळून बघू लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं.

कमिटी आली त्या दिवशी तिनं रजा टाकली. सकाळी एसटीतून उतरून ओढा ओलांडला आणि ती थबकली. वस्तीच्या नळाला धार लागली होती. चांगली मनगटाएवढी. बायका हंडे, कळशा, बादल्या, अगदी पातेली घेऊन धावत होत्या. नळापासून निघालेला काळा पाइप बाभळीमागं गेला होता आणि बाभळीमागं टँकर उभा होता. वरून कडब्याच्या पेंढ्या टाकल्या होत्या.

दुपारी जीप आली. आप्पासाहेब पांढऱ्या फेट्यात, संदीप, तालुक्याचे एक अधिकारी, आणि दिल्लीहून आलेल्या दोघांत एक मध्यमवयीन बाई. गाव बघून झालं होतं, सत्कार झाला होता. भीमनगरला यायचं ठरलेलं नव्हतं, बाईंनीच नाव घेतलं म्हणे. त्या नळापाशी आल्या, हात पुढे करून त्यांनी पाणी हातावर घेतलं. समोर रतनबाई उभी होती, तिचा हंडा अर्धा भरला होता.

"पानी रोज़ आता है, माताजी?"

रतनबाईला हिंदी कळायची. तिनं आप्पांकडे पाहिलं. आप्पा तिच्याकडे बघत होते. त्या नजरेत दरडावणी नव्हती, विनवणी होती.

"आज आलंय, बाई," रतनबाई म्हणाली.

"आता है, मॅडम," अधिकाऱ्यांनी तत्परतेनं सांगितलं. "रोज आता है, कह रही है."

भारती मागं उभी होती. आपण पुढं कधी गेलो हे तिला समजलंही नाही. "नहीं मॅडम. माँ ने ऐसा नहीं कहा. उसने कहा, आज आया है. सिर्फ आज. टँकर उस पेड़ के पीछे है."

धार हंड्यात पडत होती, तिचा आवाज तेवढा येत होता. बाईंनी बाभळीकडे पाहिलं, मग भारतीकडे.

"वो पन्ना आपने लिखा था? खुला नहीं. दो ही लाइनें पढ़ीं मैंने."

"नाम थे उसमें," भारती म्हणाली. "इन सबके."

बाई काहीतरी विचारणार होत्या, पण अधिकाऱ्यांनी घड्याळ दाखवलं, पुढच्या गावाची वेळ झाली होती. भामाबाई मात्र तेवढ्यात गर्दीतून पुढं सरकली आणि जीपच्या दारापाशी जाऊन खणखणीत आवाजात म्हणाली, "भामाबाई सखाराम. ल्ह्या कुटंतरी." बाईंना ते समजलं की नाही, कोण जाणे. त्यांनी मान हलवली. जीप गेली.

दीडेक महिन्यानं बक्षीस जाहीर झालं. कातळवाडीलाच मिळालं. वर्तमानपत्रात 'घरोघरी नळ' असं छापून आलं. सर्च इंजिनच्या यंत्रानंही मधल्या काळात फेरी मारली, आणि नगरला एका संध्याकाळी भारतीनं गावाचं नाव टाकून पाहिलं तेव्हा त्या दोन ओळी गेल्या होत्या. मंदिर होतं, तालीम होती, आप्पांचे आजोबा होते. ती तशीच पडद्याकडे बघत राहिली. मग पुन्हा सर्च इंजिनच्या पानावर गेली. पण तिथल्या चौकटीत टाकायला आता तिच्याकडे पत्ताच नव्हता.

हे सगळं पुढचं. त्या दुपारी जीपची धूळ अजून ओढ्यावर तरंगत होती, तोच आप्पांच्या गड्यानं येऊन पाइप ओढून काढला आणि टँकर चालू केला. धार बारीक झाली, तुटली. नळानं दोनदा उसासे टाकले. रतनबाईचा हंडा गळ्यापर्यंतही आला नव्हता. रांगेत मागं असलेल्या बायका रिकामी भांडी घेऊन उभ्या होत्या.

"आण, मी घेते," भारती म्हणाली.

"न्हाई. अर्धा हंडा लई हिंदकळतो, तुला न्हाई पेलायचा." रतनबाईनं डोक्यावरची चुंबळ नीट केली, वाकून हंडा उचलला, डोक्यावर ठेवला आणि हात सोडले. मग मान ताठ ठेवून, घाई न करता, ती वस्तीतल्या चढाला लागली. आत पाणी डुचमळत होतं, पण एक थेंबही बाहेर आला नाही.