पिवळ्या कापडावरची लाल पावलं

"लाल उमटलं रे बाप्पा! लाल उमटलं!"

ओरडणारा सोमला होता, आणि उमटलेलं पाऊलही त्याचंच होतं. टेंभरीच्या पारासमोर वीस हात लांब पिवळंधमक कापड अंथरलेलं. तांड्यावरून पायवाटेनं आलेल्या सोमलाच्या पायांवर पाऊलबाबांच्या चेल्यानं पाणी ओतलं, तो ओल्या पायांनी कापडावरून चालत गेला आणि मागं रक्तासारखी लाल पावलं उमटत गेली. त्याच्यानंतर किराणा दुकानदार फय्याज चालला. तो रिसोडहून माल घेऊन सडकेनं आलेला. त्याची पावलं नुसती ओली. सारं गाव लोटलं होतं. पुढच्यांनी हात जोडले, मागच्यांनी मोबाइल वर धरले.

पारावर बसलेले पाऊलबाबा डोळे मिटून बोलले, "देखा? धरतीमाता बोलून राहिली! या पायवाटेखाली सात हात खोल भुकेली जखीण निजली आहे. वाटेनं आलेल्याचं रक्त ती तळव्यातून ओढते. सडकेवर डांबर आहे. डांबरातून तिचं व्हायब्रेशन वर येत नाही. हे विज्ञान आहे, विज्ञान!"

डांबराला घाबरणारी जखीण ऐकून मला हसू फुटलं. पण आजूबाजूला कुणीच हसत नव्हतं, म्हणून मी खोकल्यासारखं केलं. मी देवानंद, गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. बाबाच्या बाहीत रंगाची पुडी असणार, या खात्रीनं मी तासभर बाहीवरच नजर लावून बसलो. बाहीत काही नव्हतं.

टेंभरीहून लखीरामच्या तांड्याला जाणारी ती पायवाट वीस मिनिटांची. तुरीच्या वावरांच्या धुऱ्यावरून, बांधाबांधानं जायचं, नाला ओलांडायचा, की तांडा. सडकेनं जावं तर टेकडीला वळसा घालून सात किलोमीटर. पंधरा दिवसांत त्या वाटेवर दोन गोष्टी घडल्या होत्या. एक बैल नाल्यात घसरून पायानं अधू झाला, आणि तांड्यातला मदनसिंग वाटेनं घरी आला त्याच संध्याकाळी तापानं फणफणला. एवढ्यावर चर्चा सुरू झाली, आणि चर्चेचा वास लागल्यासारखे बाबा जीपमधून उतरले. वाटेच्या दोन्ही तोंडांना बाभळीचे काटे पडले. नाल्याकाठच्या आंब्याखाली, वाटेच्या ऐन मधोमध, बाबांसाठी मठ बांधायचं ठरलं. भूमिपूजन पुढच्या मंगळवारी.

तांड्यातल्या अकरा मुली आमच्या शाळेत येत. काटे पडल्यावर दोनच उरल्या. मदनसिंगची भागिरथा दहावीत होती आणि वर्गात सगळ्यांत जास्त प्रश्न विचारायची. तिचा बाक रिकामा बघवेना, म्हणून मी सडकेनं तांड्यावर गेलो.

मदनसिंग खाटेवरून उठून बसला. "गुरुजी, माह्या डोळ्यादेखत पोरीचे पाय लाल उमटले. शाळा पुढच्या सालीबी भरते. पोरगी दुसरी कुठून आणू?"

मी उठलो. मोटारसायकल वळवून परत निघालो, तेव्हा भागिरथा दारात उभी राहून वही छातीशी धरून बघत होती.

शुक्रवारी मी नववीच्या वर्गात शिकवत असताना रुपाबाई धावत आल्या. त्या शाळेतली खिचडी शिजवतात, तांड्यातल्याच. बाबानं त्यांचेही पाय लाल उमटवले होते आणि तेव्हापासून त्या सडकेनं वळसा घालून यायच्या. आज हातात ओला पदर होता आणि चेहरा फुलला होता.

"गुरुजी, पाहा हे! खिचडीची हळद सांडली पदरावर. साबण लावला तं डाग लाल झाला. अस्साच लाल! आता सांगा, जखीण माह्या पदरात कायले शिरली?"

मी पदराकडे पाहिलं, मग फळ्याकडे, आणि मग वर्गात मुलं असूनही कपाळावर हात मारला. हळद साबणासारख्या आम्लारीत लाल होते हे मी दरवर्षी शिकवतो. प्रश्नपत्रिकेत दोन गुणांना विचारतो. आणि पारावर मात्र बाही तपासत बसलो!

"पण साबणाचा तं फेस होते," रुपाबाई म्हणाल्या. "बाबाच्या पाण्याले फेस नोता."

"मग चुना. चुना पाण्यात कालवून ठेवला की वर नितळ पाणी येतं. दिसायला साधंच."

"आन् त्याच्याजवळ दोन भांडे हायत. तांब्याचा कलश आन् स्टीलची बादली. वाटेनं आला तं कलश, सडकेनं आला तं बादली." रुपाबाई हसल्या. "गुरुजी, मंगळवारी मी येतो वाटेनं."

मंगळवारी भूमिपूजनाला निघण्याआधी पारासमोर पुन्हा पिवळं कापड अंथरलं, गर्दी पहिल्यापेक्षा दुप्पट. वेळ झाली तशी सगळ्यांची तोंडं वाटेकडे वळली. रुपाबाई एकट्या, हातानं काटे बाजूला सारत चालत येत होत्या. मदनसिंग ओरडला, "रुपाबाई, मागं फिर!" त्या थांबल्या नाहीत. मला ठाऊक होतं की वाटेत काही नाही, तरी त्या पोचेपर्यंत मीही टाचा उंचावून त्यांच्या पावलांकडेच बघत होतो.

चेल्यानं कलश उचलला. रुपाबाई म्हणाल्या, "तो नको. मले बादलीतलं पाणी टाक."

बाबांनी डोळे उघडले. "बाई, ते सडकेनं येणाऱ्यांचं तीर्थ आहे."

"पाण्याले काय मालूम, मी कुठून आली?"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. फय्याज पुढं आला. "बात तो सही हाय, महाराज. डाल दो ना."

चेला बाबाकडे बघत राहिला, तोवर फय्याजनंच बादलीतलं पाणी ओतलं. रुपाबाई कापडावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. पावलं नुसती ओली. मग त्यांनी चेल्याच्या हातातला कलश घेतला.

"आता तुमी, महाराज. तुमी तं जीपनं आले. करा पाय पुढं."

बाबांनी पाय झटकन मांडीखाली ओढले. "संन्याशाच्या पायांना..."

"राहू द्या मग." रुपाबाईंनी कलश सरळ कापडावर उपडा केला. पाणी पसरलं तसं कापड परातीएवढं लालभडक झालं. "पाहा बाप्पा! इथं पायच नाई, तरी रक्त निघालं!"

हसण्याचा लोंढा पार पारापर्यंत गेला. मी पुढं होऊन सांगितलं, "कापड हळदीनं रंगवलंय. कलशात चुन्याची निवळी आहे, बादलीत साधं पाणी. एवढीच जखीण." फय्याजनं दुकानातून हळद आणली, सोमलानं तंबाखूच्या डबीतला चुना काढला, आणि पाचच मिनिटांत प्रत्येकाच्या रुमालावर जखीण उतरली. सोमला स्वतःचा लाल तळहात साऱ्यांना दाखवत फिरत होता, जसं काही त्यानंच शोध लावलाय.

मदनसिंग गर्दीतून पुढं आला. मग म्हणाला, "मले ताप काहून आला, गुरुजी?"

"ते डॉक्टर सांगतील. रक्त तपासून घ्या."

बाबा जीपकडे निघाले तेव्हा बायकांनी मागून हाक मारली, "महाराज, वाटेनं जा, जवळ पडते!"

मदनसिंगनं कुऱ्हाड आणली आणि दुपारपर्यंत काटे निघाले. बुधवारी दहा मुली आल्या, अकरावी गुरुवारी आली. भागिरथानं आल्या आल्या विचारलं, "सर, लिंबू पिळलं तं तो डाग पुन्हा पिवळा होते का?" करून पाहिलं. होतो.

टेंभरीत आणि तांड्यात मिळून असं घर नाही, जिथं हळदीचा डाग साबणानं लाल झालेला कुणी पाहिला नाही. बायकांनी पाहिला, पोरांनी पाहिला, मी तर शिकवला. फक्त पारावर येताना आम्ही सगळे आमचे डोळे घरी ठेवून आलो, आणि एका बाईनं तेवढे बरोबर आणले. तुमच्याकडे उद्या कुणी येईल, तेव्हा हात जोडायच्या आधी एवढं विचारा: भांडी दोन कशाला? पाणी कशाचं? मला ओतून पाहू द्याल का? खरं असेल तर समोरचा पाहू देईल. रागावला तर समजा, भांड्यात काहीतरी आहे.