श्वास धरून धावणारी

मैदानात पाऊल टाकलं की रंजिताला मळमळायला लागायचं. घाटंजीच्या आठवडी बाजाराची ती जागा. बाजार उठला की सडकी पानकोबी, फुटके टमाटे तिथेच कुजत पडायचे आणि दुसऱ्या सकाळी त्यातच पोलीस भरतीच्या पोरापोरींचा सराव चालायचा. शिकवायला इंद्रजीत सर. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा कोंबून ते खुर्चीवर बसत आणि बोलायच्या आधी पचकन थुंकत. चुन्याने आखलेल्या पट्टीवर त्याचे लाल डाग वाळलेले असत.

"दात आवळा! मुठी आवळा!" सर ओरडत. "ओकारी आली म्हणजे समजा, मेहनत झाली."

रंजिता तसंच करायची. आठशे मीटर संपले की बाभळीमागे जाऊन ओकायची, आणि सर बाकीच्यांना कौतुकाने दाखवायचे, "पाहा, याले म्हणते जिद्द!" ओढणीने तोंड पुसताना तिला त्यांची किळस यायची, आणि त्याहून जास्त स्वतःची. एवढं करूनही ती दिवसेंदिवस मागेच पडत होती. बंजारा तांड्यावर, घरी परतल्यावर ताटातली भाकर तशीच राहायची. "तिथं काय खाऊ घालते तो सर तुले?" आई, बिजलीबाई, वैतागून विचारायची. "काही नाही, याडी," एवढंच ती म्हणायची.

एका सकाळी सोबत धावणाऱ्या मितालीने मोबाईलवर तिची दौड टिपली आणि तिला दाखवली. रंजिता बघतच राहिली. नाक मुरडलेलं, ओठ घट्ट मिटलेले, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, खांदे थेट कानाला टेकलेले. मेलेल्या कुत्र्याजवळून जावं तसा चेहरा.

"शी! अशी दिसते मी?"

"दिसण्याचं सोड. तू श्वासच नाही घेऊन राह्यली," मिताली म्हणाली. "काहून?"

"वास येते ना."

बोलली आणि तिच्याच लक्षात आलं. फाटकातून आत शिरताच ती श्वास धरत होती. उरलेलं अंग सरांच्या ओरडण्याने आवळलं जात होतं.

ती मैदानावर जायची बंद झाली. सकाळी तांड्यापासून तळ्यापर्यंतच्या कच्च्या रस्त्यावर धावू लागली. मिताली सायकलवर सोबत. श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, खांदे पडू द्यायचे, बोटं सैल ठेवायची. सुरुवातीला तिला हा आळशीपणाच वाटला. त्रास होत नाही म्हणजे आपण कामचोरी करतो आहोत, असं वाटून ती मध्येच पुन्हा दात खायची, आणि लगेच श्वास अडायचा. मग एकदा मितालीने भाजी काय केली विचारलं. रंजिताने धावताधावता अख्खी कृती सांगितली. सांगून झाली तेव्हा तळं आलं होतं.

भरतीच्या दिवशी यवतमाळच्या मैदानाशेजारच्या संडासाचं पाणी बाहेर वाहत होतं. सुरुवातीच्या रेषेजवळ कुणीतरी ओकलं होतं. रंजिताचे खांदे आपोआप वर चढले. तिने हात झटकले, तोंडाने लांब श्वास सोडला. शिटी वाजली. बाकीच्या पोरी दात-ओठ खात सुसाट सुटल्या. ती मागून, आपल्या लयीत. शेवटच्या वळणावर एकेकीचं अंग लाकडासारखं ताठ होत गेलं आणि ती त्यांच्या बाजूने पुढे निघाली. ती दुसरी आली.

गर्दीतून इंद्रजीत सर धावत आले. तिच्या खांद्यावर हात टाकून त्यांनी मोबाईल वर धरला. "माह्या हाताखालची पोरगी! सांगतलं होतं ना, दात आवळ म्हणून!" खर्‍र्‍याचा भपकारा थेट तिच्या तोंडावर आला.

"सर, हात काढा."

"काय झालं?"

"तुमचं ऐकणं सोडलं, म्हणून धावली मी."

सर खो-खो हसले. "मजाक करते पोरगी," असं आजूबाजूला सांगून बाजूला थुंकले.

आठवड्याभरात घाटंजीत अभिनंदनाचा फलक लागला. त्यावर सरांचा मोठा चेहरा आणि कोपऱ्यात रंजिताचा जुना, दात आवळलेला फोटो. तो फाडून टाकावा असं तिला फार वाटलं. फलकाखाली सरावाला नवीन आलेल्या दोन पोरी तिच्याकडे टकामका पाहत होत्या.

"उद्या तांड्याच्या रस्त्यावर या," ती त्यांना म्हणाली.

"सर रागावतीन."

"रागावू द्या."

सकाळी त्या दोघींतली एकटी बबिता आली. रंजिताने तिला पळू दिलंच नाही. घरचं काहीबाही विचारत, चालतचालत तळ्यापर्यंत घेऊन गेली.