फलाटावरची ताई

मी कवळ्या करायचो. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात दात बसवले, त्यामुळे कोणाच्या तोंडाला लागायची भीती मला कधी वाटली नाही. म्हणूनच भाऊजी गेल्यावर ताईला समजवायला घरच्यांनी मला पाठवलं. तिला माझ्या घरी घेऊन यायचं, एवढंच काम होतं. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, आणि हट्टात साठ वर्षांनी.

"माडीवर गाडी आहे ना," ती म्हणाली. "ती टाकून कशी येऊ?"

भाऊजी नकाशे काढायच्या कचेरीत होते. आयुष्यभर दुसऱ्यांची गावं कागदावर काढली आणि निवृत्त झाल्यावर स्वतःचं एक गाव माडीवर प्लायवूडच्या टेबलावर उभं केलं. एक इंजिन, चार डबे, एक फलाट, नखाएवढी माणसं. टेबलाच्या टोकाला प्लास्टरचा डोंगर आणि त्यात बोगदा. बोगद्यापलीकडचे रूळ टाकायचे राहूनच गेले. आत दोन वीत रूळ आणि पुढे खोलीची भिंत. हा सगळा रिकामटेकडेपणा आहे, असं मी त्यांना तोंडावर म्हणायचो. ते हसायचे आणि मला रूळ पुसायला लावायचे. रुळावर चाक फिरलं नाही की तो पंधरा दिवसांत काळवंडतो, हे तेव्हाच कळलं.

ते जाऊन आठ महिने झाले होते. गाडीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर काढून कपाटावर ठेवलेला, वायरी गुंडाळलेल्या. रूळ काळे पडलेले. फक्त फलाटापासून बोगद्यापर्यंतचे चकाकत होते.

"हे कोण पुसतं?" मी विचारलं.

"कोणी नाही. ते येतात ना मला न्यायला."

"कोण ते?"

"कोण म्हणजे? तुझे भाऊजी. दुसरं कोण येणार?"

दुःखात माणूस काय वाट्टेल ते बोलतो, हे मला मान्य आहे. पण रूळ कशाला खोटं बोलेल? मी माझं हत्यार काढलं. दातांचे ठसे घेतो ते गुलाबी मेण रुळावर पातळ पसरलं, खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. दुपारी जेवून आम्ही दोघंही खालीच बसलो. चार वाजता वर गेलो तर मेण चाकांखाली चिरडलेलं, आणि सगळं बोगद्याच्या दिशेला ओढलेलं. परत आल्याची एकही खूण नव्हती. गाडी मात्र फलाटावरच उभी होती. तिच्या चाकांना गुलाबी मेण लागलं होतं.

मी तडक खाली पळालो. खोटं कशाला सांगू?

फलाटावर ताईनं स्वतः रंगवलेली एक बाई होती. तपकिरी स्वेटर, हातात पिशवी, म्हणजे हुबेहूब तीच. सोमवारी ती बाकाजवळ होती, मंगळवारी खांबाजवळ. बुधवारी डब्याच्या दारापासून गव्हाच्या दाण्याएवढं अंतर राहिलं होतं. ताईनं सोमवारी निम्मं ताट संपवलं, मंगळवारी दोन घास खाल्ले, बुधवारी नुसतं पाणी घेतलं. डॉक्टर म्हणाले, काही दोष नाही.

"ताई, तू जायचं नाहीस."

"लग्न करताना तुला विचारलं होतं का? मग आता कशाला विचारू?"

आई गेल्यावर मला हिनंच वाढवलं. हिच्याशिवाय माझं काय होईल, एवढंच मला दिसत होतं. तिचं काय होईल, हा विचार मनाला शिवलासुद्धा नाही. कवळीचा मसाला मी बरोबर बाळगतोच. पूड आणि द्रव कालवला, ती नखाएवढी बाई उचलून बाकाजवळ उभी केली आणि तिचे पाय फलाटात पक्के बसवले. माझ्या हातचं काम सुटत नाही. दात तुटेल, पण बैठक सोडणार नाही.

गुरुवारी दुपारी खालूनच चाकांचा आवाज ऐकला. धावत वर गेलो. फलाट रिकामा होता. बोगद्यात टॉर्च मारला, तर दोन वीत रूळ आणि पुढे भिंत. इंजिन नाही, डबे नाहीत. बाई जागच्या जागी होती.

खाली ताईनं जेवायला मागितलं. भरलेलं ताट संपवलं आणि शांतपणे म्हणाली, "दार धरून उभे होते रे. खूप वेळ उभे होते."

मला आनंदच झाला, लाज वाटते सांगायला. तिला टेबलासकट माझ्या घरी आणलं.

याला पंधरा वर्षं झाली. तेव्हापासून ताईचं नख कापावं लागलेलं नाही. केस वाढत नाहीत, सुरकुती वाढत नाही, आजार नाही. तेव्हा ती सत्तरची होती, आजही सत्तरचीच आहे. मी एकोणऐंशीचा. परवा नवीन डॉक्टरनं मला तिचा थोरला भाऊ समजून नमस्कार केला.

आपल्या हातानं केलं ते आपल्याच हातानं निस्तरावं, म्हणून एकदा बारीक करवत घेऊन फलाटावरच्या बाईचे पाय सोडवायला बसलो. एकच ओढ दिली आणि स्वयंपाकघरातून तिची किंकाळी आली. घोट्याभोवती रक्ताची रेघ उमटली होती. ती रेघ अजून ओली आहे. मी करवत फेकून दिली.

आता मला एकच काम. रोज सकाळी स्पिरिटच्या फडक्यानं फलाटापासून बोगद्यापर्यंत रूळ पुसायचे, म्हणजे गाडी यायची झालीच तर अडायला नको. ज्या कामाला मी रिकामटेकडेपणा म्हणत होतो, त्यात माझा दिवस जातो. ताई शेजारी खुर्चीवर बसते, स्वेटर घालून. पूर्वी पंधरा दिवस लागायचे, आता संध्याकाळपर्यंतच रूळ पुन्हा काळवंडतात.

काल पुसता पुसता माझी बोटं मिटेनात आणि फडकं खाली पडलं. ताईनं ते उचललं, घडी घातली आणि कितीतरी वेळ माझ्या हाताकडे बघत राहिली.

"तुझी गाडी येईल रे वेळेवर," ती म्हणाली. "माझं काय, ते सांग."